कोण कोणावर टिकलंय!

किस्से मुद्दाम जमवावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी ऑफिसात नोकरी केलेली नसावी. एक साहेब, एक नवं सॉफ्टवेअर आणि साहेबांनी दिल्लीच्या परिषदेत ऐकून आणलेला एक इंग्रजी शब्द, एवढं सामान असलं की किस्से आपोआप साचतात. दुधावर साय यावी तसे. सकाळी काढली तरी संध्याकाळी पुन्हा हजर!

परवा घरी मंडळी जमली होती. कुणीतरी सहज म्हणालं, "मंजिरी, तुझ्या ऑफिसातलं सांग की काहीतरी." मी सुरू झाले आणि चहा तीनदा ठेवावा लागला. तेच तुम्हाला सांगते.

मी झाशीतल्या एका खासगी दूध कंपनीच्या आयटी विभागात आहे. विभाग म्हणजे तीन माणसं. चतुर्वेदी साहेब, निलेश आणि मी. आमचं घर लक्ष्मी गेटजवळ. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. निलेशचे वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन आले ते इथंच रिटायर झाले. म्हणजे विभागात मराठीचं बहुमत आहे. पण साहेब हिंदी, त्यामुळे चालतं हिंदीच!

*

सगळं सुरू झालं चटणीपासून.

एका दुपारी प्लांटच्या फाटकावरचा वजनकाटा बंद पडला. वजन झाल्याशिवाय दुधाचा टँकर आत येत नाही. रांग लागली. ऊन मी म्हणत होतं. काट्यावाला म्हणाला, कॉम्प्युटर बिघडलाय. आम्ही म्हणालो, कॉम्प्युटर ठीक आहे, तार बिघडलीये. तारवाला म्हणाला, तार ठीक आहे, तुमचं नशीब बिघडलंय.

शेवटी निलेशला सापडलं. कँटीनमध्ये भिंतीला नेटवर्कचा एक छोटा डबा होता. काट्याची तार त्या डब्यातून जात होती. आणि कँटीनवाल्यानं मिक्सर लावायचा म्हणून त्या डब्याचा प्लग काढून ठेवला होता.

साहेब डब्याकडे बघत राहिले. मग मिक्सरच्या भांड्यातल्या हिरव्या चटणीकडे.

"मतलब, पूरी कंपनी चटनी पर टिकी है?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेब दिल्लीला परिषदेला गेले आणि तो शब्द घेऊन आले. डिपेन्डन्सी!

"मुझे एक नक्शा चाहिए. कौन किस पर टिका है, एक नज़र में दिखना चाहिए."

आमच्याकडे सगळ्या मशिन्सवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर होतंच. काही बंद पडलं की स्क्रीनवर लाल दाखवायचं आणि आमच्या फोनवर बोंब मारायची, हे त्याचं काम. त्यात असा नकाशा काढायची सोय होती. प्रत्येक मशीनची एक चौकट काढायची, चौकटींना बाण जोडायचे. खालची चौकट पडली तर वरच्या कुठल्या पडणार ते दिसतं. बस, एवढंच. किती सोपं!

घरी आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की! त्याचा पगार देतात?"

*

नकाशा काढायचा तर आधी माहिती हवी. साहेबांनी सगळ्या विभागांना मेल टाकला. एकाच ओळीचा.

"सभी कर्मचारी अपनी-अपनी डिपेन्डन्सी आज शाम तक आईटी विभाग को भेजें."

मी म्हणाले, "सर, लोग समझेंगे नहीं. ज़रा समझाकर लिखते हैं."

"मंजिरी जी, पढ़े-लिखे लोग हैं."

संध्याकाळपर्यंत मेल यायला लागले. मी एवढा उत्साह या कंपनीत दिवाळी बोनसलाही पाहिला नव्हता. पॅकिंगवाल्या एकानं लिहिलं होतं, पत्नी, दोन मुलं, आई. लॅबमधल्या एकीनं नवऱ्याचं नाव, त्याचं आधार कार्ड आणि त्याच्या मुतखड्याचे रिपोर्ट जोडले होते. स्टोअरमधल्या एकानं फोन करून हळूच विचारलं, "मैडम, सास को डाल सकते हैं क्या? घुटना बदलवाना है."

कंपनी घरच्यांचा विमा काढतेय, अशी हवा झाली होती!

दुसऱ्या दिवशी एचआरच्या श्रीवास्तव मॅडम तावातावानं खाली आल्या. लोक त्यांच्या टेबलाभोवती पेढे घेऊन उभे होते. साहेबांनी खुलासा केला, की आम्हाला मशिन्सची माहिती हवी होती, माणसांची नको.

श्रीवास्तव मॅडम म्हणाल्या, "चतुर्वेदी जी, यह आप ऊपर चलकर उनसे कहिए. मैं तो पेड़ा खा चुकी हूँ!"

*

मग ठरलं, की मी आणि निलेश प्रत्येक विभागात जाऊन समोरासमोर विचारायचं.

पहिले गेलो डिस्पॅचच्या यादव जींकडे. माल गाड्यांवर चढवून रवाना करणं हे त्यांचं खातं. भरघोस मिशा, खास बुंदेली बोली. मी विचारलं, "यादव जी, आपका काम किस-किस पर निर्भर है?"

त्यांना तो अपमान वाटला. खुर्चीतून उठलेच.

"हम कोऊ पे निर्भर नइयाँ, मैडम! अपने दम पे कर रए!"

निलेशनं समजूत काढली. गाडी सुटायच्या आधी काय काय व्हावं लागतं, तेवढंच सांगा. तर म्हणाले, अकाउंट्सकडून बिल यावं लागतं, बिल आलं की आम्ही माल भरतो.

अकाउंट्सच्या जैन जींकडे गेलो. ते म्हणाले, डिस्पॅचनं माल भरला की नग कळतात, मग आम्ही बिल करतो.

मी दोन्ही बाण काढले. सॉफ्टवेअरनं घेतलेच नाहीत! हा त्याच्यावर आणि तो ह्याच्यावर, असं चालत नाही म्हणे. पुन्हा गेलो. दोघंही आपल्या म्हणण्यावर ठाम. चार फेऱ्या झाल्यावर निलेश मला म्हणाला, "मॅडम, हे दोघं खरं बोलत असतील तर आजपर्यंत एकही गाडी सुटलेली नाही."

शेवटी साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं. "पहले बिल या पहले माल? एक बात बोलिए!"

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. जैन जी म्हणाले, "साहब, सुबह यादव जी फोन पर अंदाज़ बता देते हैं, मैं बिल बना देता हूँ. फिर ये उतना ही माल भरते हैं. कम-ज़्यादा हुआ तो शाम को देख लेते हैं."

"तो यह चल किस पर रहा है?"

"भरोसे पे, साहब," यादव जी म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटले. "भरोसे का आईपी ऐड्रेस क्या है, मंजिरी जी? डालिए नक्शे में!"

*

माणसांकडून काही निष्पन्न होत नाही म्हटल्यावर साहेबांनी सॉफ्टवेअरलाच कामाला लावलं. ते म्हणे आपणहून शोध घेतं. आठवडाभर नुसतं ऐकत बसतं, कुठलं मशीन कुठल्या मशीनशी बोलतंय, आणि मग स्वतःच नकाशा काढतं.

आठवड्यानं नकाशा आला. सगळ्यांचे बाण सगळ्यांना! साहेब बघून म्हणाले, "यह तो सिवइयाँ हैं."

पण त्या शेवयांत एक चौकट अशी निघाली, जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. मशीनचं नाव होतं, रामराजा. इकडच्या देवाचंच नाव. शोधत गेलो तर स्टोअरच्या मागच्या खोलीत, रिकाम्या क्रेटच्या मागे एक जुनाट कॉम्प्युटर धूळ खात चालू होता. कुणी ठेवला, कधी ठेवला, कशासाठी ठेवला, एकालाही सांगता येईना. त्यावर एक लाल टिळा मात्र होता.

साहेब म्हणाले, "बंद कर दो. जिसको ज़रूरत होगी, चिल्लाएगा."

बंद केला. दुपार गेली, संध्याकाळ गेली, कुणी ओरडलं नाही. साहेब खूश. "देखा? फालतू बिजली खा रहा था."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर टँकरची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत! फाटक बंद. ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार. वजनकाटा चालू, नेटवर्क चालू, सगळं चालू. नुसतं फाटक बंद!

फाटकावरच्या गार्डला विचारलं, "भैया, गेट क्यों नहीं खोला?"

"मैडम, आरती कहाँ भई?"

प्लांटच्या आवारात एक छोटं देऊळ आहे. तिथं रोज सकाळी लाउडस्पीकरवर आरती लागायची. ती संपली की गार्ड फाटक उघडायचा. आधीच्या गार्डनं त्याला तसंच शिकवलं होतं. आणि ती आरती रोज कोण लावत होतं, तर रामराजा!

निलेश धावत गेला, कॉम्प्युटर चालू केला. भर साडेआठ वाजता आरती सुरू झाली. ड्रायव्हर हॉर्न सोडून खाली उतरले, हात जोडून उभे राहिले. साहेबही राहिले. करणार काय! आरती संपली, फाटक उघडलं, दूध आत आलं.

मी नकाशात चौकट काढली, 'आरती'. तिच्यावर 'फाटक'. त्यावर 'दूध आवक'. साहेब म्हणाले, "हटाइए इसको! लखनऊ से ऑडिटर आ रहा है, हँसेगा." मी म्हणाले, "सर, आपने ही कहा था, कौन किस पर टिका है, दिखना चाहिए." शब्द त्यांचाच होता, त्यामुळे चौकट राहिली.

ऑडिटर आला. सुटाबुटातला, गंभीर माणूस. नकाशावरून बोट फिरवत फिरवत त्या चौकटीवर थांबला. साहेब पाणी प्याले.

ऑडिटर म्हणाला, "इसका बैकअप है?"

*

एवढं झाल्यावर साहेबांना वाटलं, आपल्याच्यानं हे होणार नाही, बाहेरचे जाणकार बोलवावेत. पुण्याची एक कंपनी ठरली. त्यांची दोन पोरं, म्हणजे इंजिनिअर, रोज फोनवर मीटिंग घ्यायची. इंग्रजी फाडफाड, मधून मधून आमच्यासाठी हिंदी.

पंधरवड्यात त्यांनी नकाशा पाठवला. देखणा होता हो! रंगीत चौकटी, सरळ बाण. मी एकेक चौकट वाचत गेले. पॅकिंग, कोल्ड रूम, वजनकाटा... आणि कोपऱ्यात एक चौकट, 'ओटी-टू'.

मीटिंगमध्ये मी हिंदीत विचारलं, "यह ओटी-टू क्या है?"

मग पलीकडून दोघांची आपसात कुजबुज. माइक बंद करायचीही तसदी नाही. झाशीत मराठी कोणाला कळणार!

एक म्हणाला, "अरे, त्या हॉस्पिटलच्या मॅपमधलं ऑपरेशन थिएटर राहिलंय तिथंच! तू नावं बदलली नाहीस?"

दुसरा म्हणाला, "सगळी बदलली, ते एक सुटलं. ऑपरेशनल टर्मिनल म्हणून ठोक. ह्यांना काय कळतंय?"

मग मोठ्यानं, गोड आवाजात, "मैडम, वो ऑपरेशनल टर्मिनल है. बहुत इम्पॉर्टन्ट है."

निलेशनं तोंडावर रुमाल धरला. साहेबांना अर्थातच काही कळलं नव्हतं, ते मान डोलावत होते, "हाँ, इम्पॉर्टन्ट तो होगा."

मी माइक जवळ ओढला. "अंमळ थांबा हो दोघं. आमच्या म्हशींचं ऑपरेशन करायला नक्की कोण येणार आहे? तुम्ही की ते?"

पलीकडे खट्कन माइक बंद झाला.

मग तो पुन्हा चालू झाला आणि एकाचा आवाज आला. "मॅडम... तुम्ही मराठी?"

"झाशीच्या. तीनशे वर्षांचा मुक्काम समजा. उगाच का आढेवेढे घेताय? लगोलग नवा नकाशा काढा, आणि आमचा काढा!"

पोरगा पुरता गडबडला होता. शेवटी अगदी आदरानं म्हणाला, "मॅडम, 'अंमळ' मी फक्त माझ्या पणजीच्या तोंडून ऐकलंय. रागावल्यावरच म्हणायची."

*

आता हा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्या मालकांनी, म्हणजे एमडी साहेबांनी, बाहेरचे पाहुणे प्लांट बघायला आणायचं ठरवलं. कंट्रोल रूममध्ये भिंतीवर मोठी स्क्रीन, तिच्यावर आमचा नकाशा. त्यात नेहमी काही ना काही लाल असायचंच. कुठला प्रिंटर बंद, कुठला पंखा बंद. चतुर्वेदी साहेब म्हणाले, "मेहमान हैं तब तक लाल नहीं दिखना चाहिए."

निलेश म्हणाला, "सर, लाल मतलब खराबी. रंग बदलने से खराबी नहीं जाएगी."

"बस दो दिन की बात है."

या सॉफ्टवेअरमध्ये एक शहाणपणाची सोय आहे. आपण सांगितलं, की ही चौकट त्या चौकटीवर टिकलीये आणि खालची चौकट आपणच दुरुस्तीसाठी बंद ठेवलीये, तर वरचीबद्दल ते ओरडत नाही. बरोबरच आहे. पाया आपणच उपसला असेल, तर भिंत पडल्याची बोंब कशाला? साहेबांनी या शहाणपणाचा उलटा उपयोग काढला. एक खोटी चौकट काढायची, ती दुरुस्तीला आहे म्हणायचं, आणि सगळी कंपनी तिच्यावर ठेवायची. निलेश नको नको म्हणत होता. पण साहेब मागे उभे राहिले, आणि त्यानं ते केलं. स्क्रीन हिरवीगार झाली. पाहुणे आले, फोटो काढले, गेले.

निलेशला चुलतबहिणीच्या लग्नाला भुसावळला जायचं होतं. तो गेला. ते बदलायचा अधिकार फक्त त्याच्या आणि साहेबांच्या लॉगिनला. मी साहेबांना आठवण करून दिली, ते पूर्ववत करा. "हाँ, निलेश आ जाए." पुन्हा दिली. "अरे मंजिरी जी, चल तो रहा है ना सब!"

जेठाचे, म्हणजे ज्येष्ठाचे दिवस. झाशीचा जेठ तुम्हाला माहीत नाही. दुपारी कुत्रंसुद्धा सावलीतून सावलीत जात नाही. अशा एका दुपारी कच्च्या दुधाच्या एका मोठ्या टाकीचं कूलिंग बंद पडलं. पूर्वी प्लांटची माणसं दर तासाला हिंडून टाक्यांचं तापमान बघायची. सॉफ्टवेअर आल्यावर साहेबांनी ते हिंडणं अभिमानानं बंद केलं होतं. त्यामुळे सगळ्यांची नजर स्क्रीनवर. आणि स्क्रीन हिरवी.

संध्याकाळी लॅबनं नमुना काढला. दूध फाटलं होतं. अख्खी टाकी!

ते दूध सोडून द्यावं लागलं. मी तिथं उभी होते. यादव जीही आले होते. गावागावांतून बायका पहाटे धारा काढून किटल्या आणून देतात, ते दूध. यादव जी एवढंच म्हणाले, "मऊरानीपुर वारी गाड़ी को हतो." त्या गावाकडच्या गाडीतून आलेलं दूध होतं ते. आणि पाठ फिरवून गेले. आंबूस वास दोन दिवस आवारातून हलला नाही.

चौकशी बसली. बदल निलेशच्या नावावर झालेला. श्रीवास्तव मॅडमनी त्याच्यासाठी नोटीस तयार ठेवली होती. भुसावळहून तो थेट ऑफिसातच आला, हातावर अजून लग्नाची मेंदी. मालक बसतात त्या सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसच्या जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, घरी काय सांगू? बाबांच्या तीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही."

मी म्हटलं, "तू जे झालं ते सांग. मी बोलते. मी ऐकलंय तुझं नको म्हणणं."

आत गेलो. एमडी साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "नक्शे में तो सब हरा था. हरा किसने किया?"

निलेशनं मान खाली घातली. मी बोलायला पुढे झाले. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. चतुर्वेदी साहेब उभे राहिले होते.

"सर, हरा मैंने करवाया था. लड़के ने मना किया था. मंजिरी जी ने भी दो बार याद दिलाया."

श्रीवास्तव मॅडमनी नोटीस फाइलमध्ये परत ठेवली. साहेबांची लखनौच्या ऑफिसात बढती होणार होती, ती त्या दिवशी गेली. बाहेर आल्यावर ते गाडीत बसून निघून गेले.

मला रात्रभर वाईट वाटत होतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याच्याबद्दल वाईट वाटणं हा फार त्रासदायक प्रकार असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले ते थेट निलेशच्या टेबलाशी. निलेश उभा राहिला. डोळे भरून आले होते त्याचे. "सर, कल आपने..."

"चुप!" साहेब कडाडले. "मना किया था तो ज़ोर से मना करना था ना!"

*

पुढे नकाशा खरोखर पुरा झाला. खरा, आमचा, ऑपरेशन थिएटर नसलेला. टाक्या पुन्हा हिंडून बघायला सुरुवात झाली, आणि साहेबांनी एक नवा धडा घेतला. स्क्रीनवर विसंबायचं नाही! "कल को स्क्रीन ही बंद हो गई तो? नक्शा दीवार पर होना चाहिए."

म्हणून नकाशाचा फ्लेक्स करायचं ठरलं. आमच्या लक्ष्मी गेटजवळच्या दुकानात मीच टाकला. दुकानदारानं नकाशा पाहिला आणि हळहळला. "दीदी, इतनी जगह खाली छोड़ दी? फोटो किसकी लगेगी?" मी बजावून सांगितलं, कुणाचीही नाही. तरी फ्लेक्स आला तेव्हा चार कोपऱ्यांत गुलाब, वर एमडी साहेब हात जोडून, आणि खाली 'हार्दिक शुभकामनाएँ'. बाण मात्र सगळे बरोबर होते. प्लांटच्या मोठ्या भिंतीवर चार खिळ्यांवर टांगला. नारळ फुटला. साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

मग क्वार, म्हणजे आश्विन महिना आला. आमच्याकडे घाम म्हणजे ऊन, आणि क्वारचा घाम म्हणजे जेठाचा धाकटा भाऊ. एका दुपारी वीज दोनदा आली-गेली, आणि सॉफ्टवेअरची स्क्रीन काळी झाली. पाठोपाठ पॅकिंग थांबलं. मग वजनकाटा. फोन सुरू झाले. निलेश सर्व्हरच्या खोलीत, मी बाहेर, काय आधी चालू करायचं ते कळेना.

साहेब सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात होते. त्यांना फोन लावला. आवाज इतका शांत, इतका समाधानी, की मी चकितच झाले.

"घबराइए मत, मंजिरी जी. इसी दिन के लिए तो दीवार पर टाँगा है. जाइए, देखिए, और मुझे पढ़कर सुनाइए. कौन किस पर टिका है?"

मी फोन कानाला लावूनच धावले. भिंतीपाशी पोचले.

चार खिळे होते.

नुसते चार खिळे!

समोरून यादव जी गमछ्यानं मान पुसत येत होते. मी ओरडले, "यादव जी, यहाँ का नक्शा कहाँ गया?"

"कौन सो नक्शा?"

"वो फ्लेक्स! गुलाब वाला!"

"अच्छा, वो!" यादव जी खुलले. "मैडम, गाड़ी की तिरपाल फट गई ती. पूरो दही घाम में जा रओ तो. हमने कई, इत्तो बड़ो फ्लेक्स टँगो-टँगो का कर रओ?"

ताडपत्री म्हणून आमचा नकाशा गेला होता! फोनमधून साहेबांचा आवाज येत होता. "मंजिरी जी? हेलो? क्या दिख रहा है नक्शे में?"

मी फोन यादव जींच्या तोंडासमोर धरला.

यादव जींनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. रस्त्यातल्या गावांचा हिशेब केला. आणि अदबीनं म्हणाले, "अब तक तो दतिया निकर गओ हुइए, साहब!"